टाका दिसला पाहिजे

संपत मिस्त्रीच्या पोरीला फोटो काढायचं कळतं, हे आळेफाट्यावर चारचौघांना ठाऊक होतं. सासरी डिंगोऱ्यात मात्र ते कळायला हर्षालीच्या लग्नाला बरीच वर्षं व्हावी लागली.

फाट्यावर तिच्या वडिलांचं गॅरेज. नाशिकला किंवा नगरला निघालेला ट्रक तिथं येऊन थांबला, की ड्रायव्हर खाली उतरून आधी ट्रकला शिव्या घाली, मग चहा पिई आणि मग मालकाला फोन लावी. मालक कुठंतरी लांब. त्याचा नुसत्या तोंडी सांगण्यावर विश्वास नसे. "फोटो पाठवा," म्हणे. मिस्त्रींचे हात कोपरापर्यंत ग्रीसने भरलेले, त्यामुळे फोटोचं काम शाळेतून आलेल्या हर्षालीकडे आलं. पहिल्या खेपेला तिनं सबंध ट्रक काढला. मागे हॉटेलची पाटी, बाजूला उसाचा रस पिणारा क्लीनर, वर आभाळ, काही म्हणजे काही सोडलं नाही. तो फोटो काही केल्या जाईना. फोनवरचं चाक गरगर फिरत राहिलं आणि तिकडून मालकाचे फोनवर फोन.

मिस्त्री गाडीखालूनच म्हणाले, "मालकाला त्याचा ट्रक म्हाईतीय. जे तुटलंय तेवढंच दाखव."

तेव्हापासून हर्षाली तुटलेला भाग आधी फडक्याने पुसायची, मागे खोक्याचा पुठ्ठा धरायची आणि जवळ जाऊन तेवढंच काढायची. फोटो असा सुळकन जाई, आणि बारीक चीरही मालकाला दिसे. "कोण पोरगं हाये हो तुमच्याकडं?" असं एकदा एका मालकानं विचारलं, तेव्हा मिस्त्रींनी "पोरगं न्हाई, पोरगी," एवढंच सांगितलं होतं, पण त्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी भेळ आणली होती.

मग ती लग्न होऊन डिंगोऱ्याला आली. इथं कांदा, टोमॅटो, दोन म्हशी, आणि सयाजीचा शर्यतीचा बैल. सयाजी म्हणजे तिचा नवरा. बैलाचं नाव बादल. घरात सगळ्यात आधी बादलला पाणी, मग माणसांना चहा. हर्षालीच्या फोटो काढण्याचा उपयोग इथं फक्त बादलसाठी झाला. शर्यतीच्या घाटात बारी, म्हणजे धाव, जिंकली की गुलालात माखलेल्या बैलाचा फोटो काढायचा आणि सयाजीनं तो दिवसभर लोकांना पाठवत बसायचं.

सासू साळुबाई. हर्षाली तिला आत्या म्हणते. साळुबाई वाकळा शिवते. पुण्याचे लोक ज्याला गोधडी म्हणतात, ती घरात वाकळच. दुपारची भांडी झाली की ती ओसरीवर पाय पसरून बसते, मांडीवर जुन्या लुगड्यांचे थर घेते, आणि सुई चालू होते. तांदळाच्या दाण्याएवढा टाका. ओळीनं ओळ, कडेकडेनं आत, आत, थेट मधोमध. पट्टी नाही, खडूची रेघ नाही. पंचक्रोशीतल्या बाया आपल्या आईची, आजीची लुगडी घेऊन तिच्याकडे येत. साळुबाई लुगडं हातात घेऊन आधी त्याचा वास घेई, मग कुणाचं होतं ते विचारी, आणि मगच हो किंवा नाही म्हणे.

तिची एक रीत होती. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी ती त्यात चिमूटभर तांदूळ घालून टाके घाली. तो कोपरा जरासा फुगीर राही. "वाकळ उपाशी धाडायची न्हाई," ती म्हणे. "ती उपाशी राह्यली तर पांघरणाऱ्याला झोप कशी लागंल?"

जुन्नरला बचत गटाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा पुण्याहून आलेल्या एका बाईंनी तिथल्या टेबलावरची साळुबाईची वाकळ उलटून पालटून पाहिली. त्यांचं हातकामाच्या वस्तूंचं दुकान होतं आणि मोबाइलवर दुकानाचं पान होतं. पण ती वाकळ आधीच कुणाची तरी ठरलेली. बाई हर्षालीला म्हणाल्या, "नवीन झाली की फोटो पाठवा. आमच्याकडे निवड फोटोवरूनच होते. आणि फोटो दोनशे केबीच्या आत हवा. नाही तर पान उघडायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही."

हर्षालीनं घरी येऊन सांगितलं. साळुबाई तशीच उठली. पेटी उघडून तिनं तळाशी ठेवलेलं स्वतःच्या आईचं डाळिंबी लुगडं काढलं. त्याला इतकी वर्षं तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्याची वाकळ सुरू झाली. शेजारच्या अंबाबाईनं ओसरीवर येऊन विचारलं, "कुणाची गं?"

"पुण्याची," साळुबाई म्हणाली. सुईवरून नजर न उचलता म्हणाली, पण आवाज अंबाबाईच्या पलीकडच्या दोन घरांपर्यंत जाईल एवढा होता.

वाकळ झाली, आणि फोटोच्या दिवशी घराचं लग्नघर झालं. सयाजी म्हणाला, "माझ्या फोनवर काढू, त्याचा कॅमेरा भारी हाये." साळुबाई म्हणाली, "मागं जरा शोभा दिसू दे. पुण्याच्या लोकास्नी वाटाया नगं, कुठल्या झोपडीतून आलीय." मग वाकळ नव्या घराच्या स्टीलच्या रेलिंगवर टाकली. रेलिंग चमकत होतं. बाजूला तुळशीवृंदावन यावं म्हणून सयाजी दोन पावलं मागे गेला. मागे गेल्यावर झेंडूचं वावर दिसायला लागलं, तेही छानच होतं. मग बादलला आणलं. "घरचा मानकरी हाये, त्याच्याबिगर कसा फोटो?" शर्यतीतली घुंगरमाळ घातली, शिंगांना रंगीत गोंडे बांधले. अंबाबाई सहज आल्यासारखी आली आणि नवी साडी नेसून आली, ती कडेला उभी राहिली. तिला हो म्हणायचं कुणाच्या मनात नव्हतं आणि नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. वर डोक्यावर आलेलं ऊन.

फोटो सयाजीनं आधी घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्या भावकीनं अंगठे दिले. एका चुलत्यानं लिहिलं, "बादल जोरात." हर्षालीनं तो ग्रुपवरूनच उतरवून घेतला, दोनशे केबीच्या आत येईना म्हणून एका अ‍ॅपमध्ये घालून दाबला, अजून दाबला, आणि आकडा बसल्यावर पुण्याला पाठवून दिला. आकडा बसला म्हणजे काम झालं, असं तिला त्या घाईत वाटलं.

उत्तर आलं ते तिनं ओसरीवर सगळ्यांसमोर वाचलं. तिथंच ती चुकली.

"नमस्कार. रंग छान आहेत, पण टाके कुठेच दिसत नाहीत. छापील चादर वाटते. आम्ही फक्त हातशिलाई घेतो. क्षमस्व."

सयाजी म्हणाला, "छापील? ह्यांचे डोळे छापील हायेत काय?"

साळुबाईनं मांडीवरचं नवं काम बाजूला ठेवलं. सुई दोऱ्याच्या रिळात खोचली, रीळ पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि झाकण दाबून बसवलं. मग म्हशींकडे गेली.

त्या दिवसापासून तो डबा फळीवरच. दुपारी साळुबाई ओसरीवर बसायची ती हात मांडीवर ठेवून. अंबाबाईनं एकदा विचारलं, "पुण्याचं काय झालं गं?" तर "काय न्हाय," म्हणाली, आणि हा आवाज समोरच्या अंबाबाईलाही नीट ऐकू गेला नाही. जुन्नरहून एक बाई आईचं लुगडं घेऊन आली, तिलाही साळुबाईनं परत पाठवलं. "आता डोळ्याला दिसत न्हाई," म्हणाली. हर्षालीला चांगलं ठाऊक होतं, की आत्याला सुईत दोरा ओवायला अजून चष्मा लागत नाही.

हर्षालीला झोंबलं ते हे. पुण्याच्या बाईंचा तिला राग आला नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. जन्मभर वाकळा शिवत आलेली बाई एका फोटोनं डबा बंद करते, आणि तो फोटो आपण पाठवलेला असतो. संपत मिस्त्रीच्या पोरीनं.

तिनं पुण्याला निरोप टाकला: "वाकळ हातचीच आहे. चूक फोटोची आहे. मी नवा पाठवते, तेवढा बघाल का?" बाईंचं उत्तर आलं, "जरूर. सोमवारी नवीन वस्तू पानावर चढवतो, त्याआधी पाठवा."

सयाजी म्हणाला, "त्यापरीस वाकळच टाक की एसटीच्या पार्सलात. हातात घेऊन बघतील."

"त्या बघतील हो. पण गिऱ्हाईक फोटोच बघणार ना? प्रत्येकाच्या घरी वाकळ फिरवता येईल का?"

"तेबी हाये," सयाजी म्हणाला.

तिनं माहेरी फोन लावला. "नाना, एक फोटो बिघडलाय. दाबला तर टाके जातात, नाही दाबला तर फोटो जात नाही."

तिकडून पान्ह्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाले, "सबंध ट्रक काढलास का काय पुन्हा?"

हर्षाली हसली. "ट्रक पण काढला, नाना, आणि बैल पण."

फोन ठेवून तिनं तो फोटो पुन्हा उघडला आणि बोटांनी मोठा केला. बादलच्या माळेतलं एकेक घुंगरू, झेंडूचं फूल न् फूल, तुळशीची पानं, अंबाबाईच्या साडीवरची बुट्टी. फोटोला मिळालेल्या दोनशे केबीत या सगळ्यांनी आपापला वाटा घेतला होता. पंगतीला आगंतुक फार झाले की घरच्यांच्या ताटात जे उरतं, तेवढं टाक्यांच्या वाट्याला आलं होतं. टाक्यांच्या जागी नुसते पुसट चौकोन, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे. त्यात तो फोटो ग्रुपवरून आलेला. ग्रुपवर चढताना तो एकदा दाबला गेला होता, आणि मग तिनं त्याच दाबलेल्याला पुन्हा दाबलं होतं. पिळलेलं धुणं पुन्हा पिळलं तर पाणी निघत नाही, कापड फाटतं.

तिनं आत्याकडे वाकळ मागितली.

"नगं," साळुबाई म्हणाली. "एकदा नाकारलेली पोरगी पुन्यांदा दाखवाया न्हेत न्हाईत."

"पोरगी नाही नाकारली, आत्या. मीच तिला तोंडावर पदर ओढून बसवली होती. त्यांनी तोंड पाहिलंच नाही."

साळुबाईनं तिच्याकडे बघितलं. "आणि पुन्हा छापील म्हणले तर?"

"तर मी तुमच्याकडून टाका शिकीन आणि आयुष्यात फोटो काढणार नाही."

"तुला टाका यायचा न्हाई," साळुबाई म्हणाली. "तुझा हात जड हाये." पण पेटीची किल्ली कमरेची काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षालीनं गोठ्याची मागची भिंत निवडली. चुन्यानं पांढरी केलेली, एक खिडकी नाही, एक खुंटी नाही. सयाजी बादलला धुऊन घेऊन आला.

"ह्यो?"

"नाही."

"नुसतं तोंड. कडंला."

"शिंगाचं टोक पण नाही. तुमच्या बैलानं माझे सगळे टाके खाल्ले."

सयाजीनं बैलाकडे असं बघितलं, जणू त्यानं खरंच काही खाल्लंय. मग निमूट त्याला दावणीला बांधून आला आणि वाकळीचं एक टोक धरायला उभा राहिला.

ऊन अजून कौलांच्या खालून तिरकं येत होतं. तिरक्या उजेडात प्रत्येक टाक्याजवळ बारीक सावली पडली आणि सपाट दिसणारी वाकळ एकदम नांगरलेल्या वावरासारखी ओळीओळीनं उठून आली. दुपारच्या उन्हात हे काहीच दिसलं नव्हतं. हर्षालीनं स्वतःच्या फोनवर काढलं. एक फोटो सबंध वाकळीचा, चारी बाजूंना फक्त पांढरी भिंत. दुसरा अगदी जवळून, फक्त शेवटच्या कोपऱ्याचा, तांदूळ घातलेल्या.

मग ती ओसरीवर बसली. या खेपेला तिनं दाबायची घाई केली नाही. आधी फोटोची लांबीरुंदी कमी केली. फोननं काढलेला फोटो भिंतीवर लावण्याएवढा होता, आणि बघणारा तो तळहाताएवढ्या काचेवर बघणार होता. मग तेवढं ओझं वाहायचंच कशाला? तो लहान केल्यावर दाबायला फारसं काही उरलंच नाही. पांढऱ्या भिंतीनं तर जवळजवळ काहीच जागा घेतली नव्हती. तरी किती दाबलं म्हणजे पुरेसं आणि किती म्हणजे फार, हे आकड्यावरून कळत नव्हतं. तिनं तीन वेगवेगळे केले, कमी, मध्यम आणि जास्त दाबलेले, आणि आत्याला हाक मारली.

"आत्या, बघा जरा. ह्यात तुमचं काम कुठल्यात दिसतं?"

साळुबाईनं फोन लांब धरला, मग जवळ. जास्त दाबलेला होता तो. कोपऱ्याच्या फोटोवर तिनं बोट फिरवलं. "किनार दिसती. टाकंबी हायेत." बोट मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. "पर हितं म्या दोरा जोडला व्हता. तवा तू च्या घेऊन आलीवतीस. जोडल्याजागी डबल टाका आसतो. त्यो कुठं गेला?"

हर्षालीनं पुढचा दाखवला, मध्यम. बाहेरच्या कुणाला दोघांत फरक सांगता आला नसता.

साळुबाई पुन्हा किनारीपासून निघाली. शिवताना जशी ओळ धरून जायची तशीच बोटानं ओळ धरून चालली. एका जागी बोट थांबलं.

"ह्यो बघ," ती म्हणाली. "हितं जोडलाय." आणि मग, बऱ्याच दिवसांनी, जरा चढ्या आवाजात, "सयाजी, हिकडं ये. हितं बघ माझा डबल टाका."

सयाजीनं वाकून बघितलं. त्याला काही दिसलं नसावं. पण "हाये की," म्हणाला.

तो मध्यमच ठरला, आणि सबंध वाकळीचा फोटोही तेवढाच दाबला. दोन्ही दोनशे केबीच्या बरेच आत होते. हर्षालीनं ते ग्रुपवर टाकले नाहीत, नवऱ्याच्या फोनवर पाठवले नाहीत. आपल्याच फोनवरून फाइल म्हणून जोडले, म्हणजे वाटेत पुन्हा कुणी दाबायला नको, आणि सरळ पुण्याला धाडले. चाक फिरलंही नाही.

उत्तर यायला संध्याकाळ झाली. साळुबाई तोवर दोनदा म्हशींकडे जाऊन आली होती. दोन्ही वेळा काहीही काम नव्हतं. या वेळी हर्षालीनं आधी मनात वाचलं आणि मगच मोठ्यानं.

"आता दिसली. सुंदर काम आहे. एवढा सारखा टाका आम्ही क्वचितच पाहतो. वाकळ नक्की घेत आहोत. एक शंका. शेवटचा कोपरा फुगीर दिसतो, शिवणीत काही राहिलंय का? कोणी शिवली, त्यांचं नावही कळवा."

"बघा, दोष काढलाच," सयाजी म्हणाला.

"दोष कसला?" साळुबाई म्हणाली. "दिसलं म्हणून इचारलं. मागल्या खेपंला कायच दिसत न्हवतं." मग हर्षालीला, "लिव्ह. म्हणावं, तांदूळ हायेत. आमी वाकळ उपाशी धाडत न्हाई."

हर्षालीनं तसंच लिहिलं, शब्दही बदलला नाही. खाली नाव लिहिलं: साळुबाई, डिंगोरे, तालुका जुन्नर.

सोमवारी ते पानावर आलं. डिंगोऱ्यात नेट म्हणजे कधी आहे, कधी नाही. विहिरीकडे गेलं तर सिग्नलची एकच काडी. पण तिथंही उघडतं का ते बघायला हर्षालीनं पान मुद्दाम विहिरीकडे जाऊनच उघडलं. झटकन उघडलं. डाळिंबी वाकळ, खाली तिचा कोपरा, आणि त्याखाली पुण्याच्या बाईंनी आत्याचंच वाक्य घातलं होतं: आम्ही वाकळ उपाशी धाडत नाही. ती तिथूनच हसत घरी आली. वाटेत तिनं नानांना ते पान पाठवलं. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं. "चीर दिसली." मिस्त्रींकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही, हे ती लहानपणापासून जाणून होती.

घरी आली तर पत्र्याचा डबा फळीवर नव्हता. साळुबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती, मांडीवर लुगडी, तोंडात दोरा. जुन्नरच्या त्या बाईला तिनं सयाजीकरवी निरोप धाडून परत बोलावलं होतं. समोर अंबाबाई, तिच्या हातात सयाजीचा फोन. ती त्या कोपऱ्याचा फोटो बोटांनी मोठा करत होती, आणखी मोठा करत होती, आणि कितीही मोठा केला तरी टाका टाक्यासारखाच दिसत होता, याचं तिला जरा वाईटच वाटत असावं.

"माझीबी हाये की एक वाकळ," अंबाबाई म्हणाली. "हर्षाली, तिचा काढ गं एक फोटो. पर मागं आमचं घर येऊ दे. नवा रंग दिलाय."

हर्षाली उत्तर देणार, तेवढ्यात साळुबाईनं दातांनी दोरा तोडला.

"घर न्हाई यायचं," ती म्हणाली. "आमच्या सूनबाईच्या फोटोत घर येत न्हाई आन् बैल येत न्हाई. घर बघून त्यास्नी काय करायचंय? टाका दिसला पाहिजे." मग अंबाबाईकडे नीट बघून म्हणाली, "तुझा दिसंल का?"

गोठ्यातून बादलच्या गळ्यातलं घुंगरू वाजलं. सयाजी त्याला पाणी पाजायला उठला.